पत्र्यावरचे दगड

मामांना घरात झोपवायचं म्हणून मी इंजिनिअर बोलावली, हे ऐकून माझी बहीण फोनवर इतकी हसली की तिला धड बोलता येईना. "अगं, डॉक्टर बोलव, एखादा महाराज बोलव," ती म्हणाली. "इंजिनिअर काय त्यांना पलंगाला खिळे मारून बसवणार आहे?" मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामाच म्हणतात. ते स्वतःच्या घरात झोपत नाहीत, ही गोष्ट माझ्या लग्नाआधीच अणदूरला माझ्या माहेरी पोचली होती. मला बघायला आलेल्यांनीच ती सांगून टाकली होती, नंतर बोभाटा नको म्हणून.

आमचं घर उमरग्यात, हायवेपासून थोडं आत. तीन खोल्या, वर स्लॅब, पुढं अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक शेड. चार लोखंडी खांब, वर जुने पत्रे, एका बाजूला नुसत्या रचलेल्या विटांची कंबरेइतकी भिंत आणि खाली मामांची बाज. पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवलेले. असे दगड ठेवलेले पत्रे आमच्याकडं गल्लोगल्ली दिसतात, त्यांच्याकडं कुणी मान वर करून बघत नाही. पंधरा वर्षं त्या अंगणात कपडे वाळत घालत होते, मीही बघितलं नव्हतं.

ते बाहेर का झोपतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, निदान तसं आम्हाला वाटत होतं. मामांचं मूळ गाव तिकडं आत, नदीच्या अंगाला. भूकंपात ते गाव पडलं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकून टाकून हातभर जाड झालेलं. पहाटेच्या अंधारात ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मामांची आई त्यात गेली. सासूबाई वाचल्या आणि माझा नवरा वाचला, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. नंतर गाव दुसऱ्या जागी वसलं, पण मामा तिकडं राहिले नाहीत. हातात गवंडीकाम होतं, ते घेऊन उमरग्याला आले. भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्यांची आधी ही शेड उभी केली. मग चार-पाच वर्षं लोकांची घरं बांधता बांधता तिच्या शेजारी स्वतःच्या हातानं हे घर बांधलं. घर झाल्यावर बायको-पोराची अंथरुणं आत नेऊन टाकली आणि आपली बाज होती तिथंच ठेवली.

लोक म्हणायचे, भूकंपाचा धसका. आम्हीही तेच म्हणायचो. आमच्या भागात त्यात नवल काहीच नव्हतं. कुणी वर्षभर बाहेर झोपलं, कुणी पाच वर्षं, मग एकेक जण आपापल्या छपराखाली गेला. मामा तेवढे गेले नाहीत. सासूबाई असेपर्यंत या विषयावर घरात चर्चाच नसायची. मी नवी नवरी असताना एकदा काढला होता विषय, तर भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "त्येंच्या झोपंच्या वाटंला जाऊ नगंस बाई. त्येंची जागा तीच हाय." मी नाक मुरडलं होतं. जागा कसली, अडगळ आहे ती, असं मनात म्हटलं होतं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि त्यांचं ते एकच वाक्य माझ्याकडं तसंच राहिलं.

गेल्या थंडीत मामांना न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात होते. शेडमध्ये तीन बाजूंनी वारा, वर गारठलेला पत्रा, पहाटे त्यावरचं दव आतून टपटप गळायचं. ते फाटकी चादर पांघरून "मला काय हुतंय" म्हणत राहिले आणि एक दिवस श्वासच पुरेना. डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पुढची थंडी यांनी पत्र्याखाली काढायची नाही. या वेळी निभावलं. परत निभावेल याची मी खात्री देणार नाही." सत्तरीतल्या माणसाच्या छातीबद्दल इतकं स्पष्ट बोललेलं मला पुरलं. दिवाळीच्या आत मामांची बाज आत आली पाहिजे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आता माझ्या स्वभावाविषयी सांगायला हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. एखादी गोष्ट सिद्ध करून दाखवली की समोरच्यानं ती मान्य करायलाच हवी, अशी माझी ठाम समजूत आहे. शाळेत ती बरीचशी चालते, घरात अजिबात चालत नाही. मी डॉक्टरांचा कागद मामांना वाचून दाखवला. पुढच्या खोलीत त्यांच्यासाठी नवी गादी घातली. खिडकीला जाड पडदा लावला. मामा सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि मग बोट वर करायचे.

"ती भेग बघ. भेगाळलेल्या घरात म्या झोपत न्हाय."

भेग होती, खोटं नाही. पुढच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर गेलेली, वीतभर तर नीट दिसणारी. दरवर्षी घट बसायच्या आधी मामा स्वतः सगळं घर रंगवायचे, भेगाही बुजवायचे, पण दाराजवळची ती वीतभर दरवर्षी पुन्हा तोंड उघडून हजर. "बुजवली तरी निघती. घर खालनं हलायलंय," असं ते सांगायचे. हायवेवरून लोखंड भरलेला ट्रक गेला की कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या, तेव्हा ते माझ्याकडं असं बघायचे, जणू म्हणायचे, ऐकलंस?

उन्हाळ्यात एकदा माझा तोल गेला. मी विचारलं, "घर पडणार म्हणता, मग आम्ही का झोपायचं त्यात?" ते म्हणाले, "तुमी झोपा. तुमाला काय हुत न्हाय." हे कसलं गणित? मी तावातावानं म्हटलं, "म्हणजे घर पडलं तर आम्ही मेलो तरी चालेल, तुम्ही तेवढे वाचायचे?" बोलून गेले आणि त्याच क्षणी वाटलं, हे जरा जास्तच झालं. मामांनी तांब्या उचलला आणि बाहेर गेले. नवरा मला म्हणाला, "तुझ्या तोंडाला काय दार-बिर हाय का न्हाय?" मी त्यालाही दोन शब्द ऐकवले. पण ते वाक्य माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. मी माफी मात्र मागितली नाही, कारण भेगेचा प्रश्न मला अजून बरोबरच वाटत होता.

उत्तर मिळालं शाळेत. आमच्या शाळेच्या जुन्या खोल्या वापरायच्या की नाही हे ठरवायला सोलापूरहून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. तिशीतली मुलगीच म्हणा, केसांना रुमाल बांधलेला, हातात छोटा हातोडा. वर्गातल्या खांबांवर टकटक करत आणि कान लावून ऐकत ती फिरत होती आणि माझी सहावीची पोरं गणित सोडून तिच्याकडं बघत होती. मधल्या सुट्टीत तिला चहा दिला आणि विचारलं, घराला भेग पडली की ते तपासून घ्यायचं का? ती म्हणाली, "प्रत्येक भेगेला नको, ताई. गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतातच. पण भेगेत नख शिरायला लागलं, ती दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली, दारं एकाएकी अडकायला लागली, स्लॅबमधून गंजाचं पाणी उतरलं, किंवा वर मजला चढवायचा असला, तर मात्र पाहून घ्यावं. मुख्य म्हणजे भेग वाढतेय की थांबलीय ते कळायला हवं. थांबलेली भेग म्हणजे जुना व्रण. वाढणारी म्हणजे ताप."

मला हेच हवं होतं. शिक्का मारलेला कागद. मामांनी वर बोट केलं की मीही तो कागद वर करणार होते. शनिवारी येशील का, म्हणून मी तिला तिथंच विचारलं.

ती आली तेव्हा पितृपक्ष संपत आला होता. घट बसायला दोन दिवस होते, म्हणजे आमच्याकडं कुठल्याच घरात घर नावाचं काही उरत नाही. सगळी भांडी अंगणात, गोधड्या धुऊन भिंतीवर, देव्हारासुद्धा रिकामा. माझा नवरा ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, त्या दिवशी त्यानं ते शेजाऱ्यावर सोपवून माळे रिकामे करायला घेतले होते. मामा लुंगी खोचून रंग कालवत बसले होते. इंजिनिअर आली असं सांगितल्यावर त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि काडीनं रंग ढवळत राहिले. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याचंच बांधकाम तपासायचं, हे अवघडच. पण तिनं एक चांगली गोष्ट केली. पिशवीतून ओळंबा काढला आणि म्हणाली, "मामा, हा वरून जरा तुम्हीच धरता का? माझा हात पुरत नाही."

हात पुरत होता तिचा, मी बघितलं. पण मामा उठले. भिंतीच्या माथ्याशी त्यांनी दोरी धरली, खाली ती बसली, आणि दोघं मिळून गोळा थांबायची वाट बघू लागले. भिंत सरळ निघाली. "सरळच असणार," मामा म्हणाले, पण आवाजात मघाचा ताठा नव्हता. मग ती खांब ठोकू लागली. एका यंत्रानं आतली सळई कुठं कुठं आहे ते बघू लागली, आणि बघता बघता हसायला लागली.

"मामा, हे तीन खोल्यांचं घर आहे की बँकेची तिजोरी? एवढी सळई कोण घालतं?"

"म्या घालतो," मामा म्हणाले. "आन् घराच्या पायात आमच्या जुन्या घराचं दगड हायती. ट्रकनं आणले. पडल्यालं घर वाया कशाला घालवायचं?"

त्यानंतर त्यांचं असं काही जमलं की मला मध्ये बोलायला जागाच राहिली नाही. सिमेंटचं प्रमाण काय, स्लॅबला पाणी किती दिवस मारलं, खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला फिरवलेला सिमेंटचा पट्टा कसा ओतला. भूकंपानंतर आलेल्या साहेबांनी असा पट्टा घालायला शिकवलं होतं आणि मामांनी उमरग्यात पुढं कुणाचंही घर त्याच्याशिवाय बांधलं नाही, हे मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी दोनदा चहा केला. नवरा माळ्यावरून डोकं काढून हे सगळं ऐकत बसला होता.

शेवटी ती दारावरच्या भेगेपाशी आली. स्टुलावर चढून तिनं आधी एक पट्टी लावून रुंदी मोजली. मग टोकदार पात्यानं भेगेच्या कडेचा रंग जरा खरवडला आणि टॉर्च मारला. "ताई, या इकडं," तिनं मला वर बोलावलं. "कोणकोणते रंग दिसतात सांगा."

मी बघितलं आणि मला गंमत वाटली. कांद्याच्या पापुद्र्यासारखे रंगावर रंग बसलेले, त्यातले ओळखू आले तेवढे मी सांगत गेले. वरचा पिस्ता, तो गेल्या वर्षीचा. त्याखाली मोतिया, सासूबाई गेल्या त्या वर्षीचा, कुणाचंच मन रंगात नव्हतं तेव्हाचा. त्याखाली आकाशी, मुलगी झाली तेव्हाचा. त्याखाली गडद गुलाबी. तो माझ्या लग्नाचा रंग होता. मी या दारातून आत आले तेव्हा भिंती अशा गुलाबी होत्या की माझ्या बहिणीनं "पेढ्याचा खोका" असं नाव ठेवलं होतं.

"आता हे बघा," ती म्हणाली. भेगेचा वरचा, बुजवलेला भाग तिनं दाखवला. "तुमच्या लग्नाचा गुलाबी रंग भेगेच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर अखंड गेलाय. त्यावरचे सगळे रंगही अखंड आहेत. घर हललं असतं तर हे फाटले असते. म्हणजे ही भेग तुम्ही या घरात यायच्या आधीची, आणि तेव्हापासून ती केसभरही सरकलेली नाही. नवं घर काळ्या मातीत जरा बसतं, तेव्हाची असणार. घराला काही झालेलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी मामांकडं विजयी मुद्रेनं बघणार, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "फक्त खालची ही वीतभर कळत नाही. ही परत निघालेली नाही. ही कधी बुजवलेलीच नाही. पार आतपर्यंत सगळ्या वर्षांचे रंग उतरलेत. ब्रश फिरवला दरवर्षी, पण लांबी, म्हणजे पुट्टी, कुणी भरली नाही. मुद्दाम सोडल्यासारखी."

मामांच्या हातातली काडी थांबली. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो. घर रंगवणारा माणूस एकच होता.

मला आधी हसूच फुटलं. मामांनी इतकी वर्षं एक भेग सांभाळून ठेवली होती, सबब म्हणून! गवंडी माणूस, ती थांबलेली आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं असणार. "मामा," मी म्हटलं, "तुम्ही आम्हाला बनवलंत की हो!" मामांनी रंगाच्या डब्यात बघितलं आणि "जरा पातळ झालाय," असं काहीतरी पुटपुटले. पण हसता हसता दुसरंच लक्षात आलं. घर चांगलं आहे हे त्यांना माहीत होतं, मग हा धसका नव्हताच. मग काय होतं?

ते विचारायचं माझ्या तोंडातून निघेना, उन्हाळ्यात मीच ते तोंड खराब करून ठेवलं होतं. विचारलं तिनं. सामान पिशवीत भरून ती अंगणात आली, भांड्यांतून वाट काढत शेडपाशी गेली आणि आत वाकून वर बघितलं. मग बाहेर येऊन टाचा उंचावून पत्र्यावर बघितलं. खांबाच्या तळाला बुटानं हलकेच ठोसलं, तर गंजाचे पापुद्रे खाली पडले. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"इथं कोण झोपतं?"

"म्या," मामा म्हणाले.

"एवढं मजबूत घर बांधलंत आणि इथं का झोपता, मामा?" तिनं अगदी साधं विचारलं. ज्याला माहीत नाही तो जसं विचारतो तसं.

मामांनी पंच्यानं हात पुसले. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला नाही. मला वाटतं, कुणी विचारायचीच वाट होती.

"घरातला एक माणूस भाईर पायजे," ते म्हणाले. "त्या दिशी म्या रानात झोपाय गेल्तो, पिकाच्या राखणीला. म्हणून राहिलो. पळत आलो तर गावच न्हाय, नुसता धुरळा. ह्यो पोरगा आतमधी, ह्याची आय आतमधी, माझी आय आतमधी. हातानं माती उपसली. ह्याला काढला, ह्याच्या आयला काढलं. आयपातूर पोचूस्तवर लई वेळ झाला." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "समदेच आत असते तर कुणी काढलं असतं? शेजारी राहिलेच नव्हते. म्हणून एक जण भाईर पायजे. घर कितीबी पक्कं असू दे."

माळ्यावरून उतरलेला माझा नवरा हातात पितळी घागर घेऊन दारात उभा होता. तो पाच वर्षांचा असताना मातीतून बाहेर आला हे मला माहीत होतं, त्याला कुणी काढलं हेही माहीत होतं. पण त्यानंतरच्या प्रत्येक रात्री हा माणूस आम्हाला काढायच्या तयारीनं बाहेर झोपतोय, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी त्यांना काय म्हटलं होतं? तुम्ही तेवढे वाचायचे? मला त्या क्षणी अंगणातल्या हौदात जाऊन बसावंसं वाटलं. मी सरळ त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, "मामा, उन्हाळ्यात बोलले ते चुकलं माझं."

"कवा?" ते म्हणाले. त्यांना आठवत होतं, डोळ्यांत दिसत होतं. "जाऊ दे. तू इंजिनिअर आणलीस की."

इंजिनिअरनं पिशवी खाली ठेवली. मग तिनं मामांचा हात धरून त्यांना शेडखाली नेलं आणि बाजेवर बसवलं. "आता वर बघा," ती म्हणाली. "पत्रे नुसते तारेनं बांधलेत. खांब बुडाला गंजलेत. डाव्या हाताला रचलेल्या विटा आहेत. आणि तुमच्या डोक्यावर दगड आहेत, मामा. मी मोजले, अकरा आहेत. थोडं जरी हललं तर घराला काही होणार नाही. हे अकरा दगड मात्र आधी खाली येतील. मग बाहेरचा माणूस कोण उरला?"

मामा वर बघत राहिले. मीही बघितलं. काळे, घडवलेले, एका अंगानं गुळगुळीत दगड. बांधकामातले. घराचा पाया भरून उरलेले ते जुन्या घराचे दगड होते. ज्या भिंतीखालून त्यांनी माणसं काढली, तीच त्यांनी स्वतःच्या डोक्यावर चढवून ठेवली होती आणि आमची राखण करत तिच्याखाली झोपत होते. दुसऱ्यांच्या घराचा ओळंबा बघणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं, कारण पत्र्यावर दगड हे काय बघायचं असतं?

"च्यामारी," मामा शेवटी म्हणाले आणि चक्क हसले. "गवंडी म्हणवून घेतो म्या."

त्याच दुपारी दगड उतरवले. मामा शिडीवर चढायला निघाले तर आम्ही दोघांनी त्यांना ओढून खाली बसवलं. नवरा वरून एकेक दगड देत होता, मी खाली घेत होते, आणि मामा ते पेरूच्या झाडाभोवती लावत होते. उभा, आडवा, परत उभा, मध्ये सुतळी ताणून. नुसतं झाडाचं आळं होतं, पण तेही त्यांना ओळंब्यातच लागत होतं. इंजिनिअर बस पकडायला निघाली तेव्हा मी तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी घातली. मामा तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले आणि परत येताना एकटेच काहीतरी पुटपुटत आले.

रविवारी नवऱ्यानं खांबांच्या बुडाला नवे पाईप जोडून घेतले, विटांची भिंत काढली आणि पत्रे हुक मारून पक्के केले. तेवढी मामांची अट होती, शेड पाडायची नाही. सोमवारी घट बसले. मुलीनं मातीच्या वाफ्यात धान्य पेरलं, मी दिवा लावला. दाराच्या वरची ती वीतभर मामांनी आदल्या दिवशी स्वतःच लांबी भरून बुजवली होती आणि यंदाचा लिंबोणी रंग तिच्यावरून सरळ गेला होता.

संध्याकाळची जेवणं झाली. पुढच्या खोलीत गादी घातलेली होती. मामा चादर खांद्यावर टाकून उंबऱ्यात उभे राहिले. एक पाय आत, एक बाहेर. मी म्हटलं, "या ना मामा." ते म्हणाले, "यायलोय की." पण येईनात. एकदा शेडकडं बघत, एकदा आत आपल्या नातीकडं, जी आजोबा आपल्या खोलीत येणार म्हणून उशी घेऊन बसली होती. मी गादीवरची चादर परत सारखी केली. सिद्ध करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात नवरा मधल्या खोलीतून आला. काखेत त्याची गोधडी आणि उशी. तो वडिलांच्या शेजारून उंबरा ओलांडून अंगणात उतरला, बाजेवर गोधडी अंथरली आणि तिथूनच म्हणाला, "अण्णा, जावा तुमी आत. आज भाईर मी हाय."

मामा कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दुसरा पाय आत घेतला.

सकाळी मी उठले तेव्हा ऊन दारातून पार गादीपर्यंत आलं होतं आणि मामा घोरत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना उजेडात झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. मी भांड्यांचा आवाज होऊ दिला नाही. जरा वेळानं ते उठले, उंबऱ्यात आले, गोधडीत गुरफटलेल्या पोराकडं बघितलं आणि हळूच अंगणात उतरून शेडचा खांब दोन्ही हातांनी हलवून बघितला. हलला नाही. मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "च्या ठेव. पर त्येला उठवू नगंस, रातभर राखणीला हुता."